एकच पब बघायचा असेल तर कोणता? प्रिन्सेस लुईस, फिलहार्मोनिक की क्राउन

लंडनला आमच्याकडे येणारे पाहुणे म्युझियम, राजवाडा वगैरे उरकले की हळूच विचारतात, "एखादा जुना, अस्सल व्हिक्टोरियन पब दाखवशील का?" पिण्याशी बहुतेकांना देणंघेणं नसतं. लाकूडकाम, काचा, टाइल्स बघायच्या असतात. मग मी तीन नावं घेते: लंडनच्या हाय होबर्नवरचा प्रिन्सेस लुईस, लिव्हरपूलचा फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा क्राउन लिकर सलून. तिन्ही देखणे आहेत, पण तिन्हींत बघायची गोष्ट वेगळी आहे आणि निवड तिच्यावरच करावी.

व्हिक्टोरियन पब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पितळ आणि नक्षीच्या काचा येतात. मला विचाराल तर त्या वास्तूचा जीव तिच्या आडोशांत असतो. मध्ये एकच काउंटर आणि त्याच्याभोवती लाकूड-काचेच्या पार्टिशनने पाडलेले खण. मजुरांसाठी पब्लिक बार, चार पैसे जास्त मोजणाऱ्यांसाठी सलून बार, एखादा प्रायव्हेट बार, आणि भांडं घेऊन घरी बिअर न्यायला आलेल्यांसाठी जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक खणाला रस्त्यावरून वेगळं दार असे. मालक तोच, पिंप तेच, पण साहेबाला आपल्याच कारकुनाशेजारी उभं राहावं लागत नसे. विसाव्या शतकात ही पार्टिशनं भराभर निघाली. काउंटरवरून सगळीकडे नजर ठेवता यावी हे एक कारण, आणि खणाखणातला भावातला फरकही संपला होता. आज बहुतेक जुन्या पबांत नक्षी शाबूत आहे, खण मात्र गेलेत. म्हणून मी कुठलाही पब सुचवताना आधी खण बघते.

त्या हिशेबाने प्रिन्सेस लुईसला तोड नाही. इमारत 1872 ची, नाव राणी व्हिक्टोरियाच्या चौथ्या मुलीचं, आणि आतलं आज दिसणारं काम 1891 चं, आर्थर चिटी या वास्तुविशारदाचं. बाहेरून विशेष काही वाटत नाही. दारातून आत शिरलात की एक अरुंद बोळ लागतो. एका हाताला टाइल्स आणि आरसे, दुसऱ्या हाताला ओळीने काचेची दारं. कुठल्या दारातून जायचं ते तुम्हीच ठरवायचं. दार ढकलण्यापूर्वी काचेवरून बोट फिरवून बघा. वेलबुट्टी आम्लाने कोरलेली आहे. दुधी भाग किंचित खरखरीत लागतो, बाकीची काच गुळगुळीत. बाहेरून आतला माणूस नीट दिसू नये, पण उजेड मात्र यावा, ही त्यामागची सोय.

खणात उभं राहिलं की समोर काउंटर, काउंटरमागचा माणूस आणि पलीकडच्या खणातल्या लोकांचे हात तेवढे दिसतात. शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं, चेहरा दिसत नाही. माझ्या सासूबाई कधी बारची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांना तिथे उभं राहिल्या राहिल्या मुंबईतल्या जुन्या इराण्याच्या फॅमिली रूम आठवल्या, आणि त्यांनी जिंजर बिअर अगदी निवांत संपवली.

इतके आरसे कशासाठी, तर गॅसचा उजेड दुप्पट व्हावा म्हणून. काचेवरचा कर 1845 मध्ये उठला आणि मोठमोठ्या काचा आवाक्यात आल्या. घरी अंधाऱ्या दोन खोल्यांत राहणारा माणूस या लखलखाटाकडे ओढला जाणार, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. इथली पार्टिशनं मूळची नाहीत. मधल्या काळात ती काढून टाकली होती, आणि 2007-08 च्या सुमारास सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या ब्रुअरीने ती जुन्या धाटणीत पुन्हा उभी केली. 'नव्याने केलेलं' म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पार्टिशनांशिवाय ही एक छान टाइल्सची मोठी खोली होती, आता ती पुन्हा पब झाली आहे. फोटोंसाठीच जाणार असाल तर मात्र बेत बदला. या कंपनीने 2019 मध्ये आपल्या पबांत मोबाइल आणि लॅपटॉप वापरायला मनाई केली. संगीत नाही, टीव्ही नाही, आणि बिअर फक्त त्यांचीच.

फिलहार्मोनिकची जातकुळीच निराळी. रॉबर्ट केन या ब्रुअरीमालकासाठी वॉल्टर थॉमसने 1898 ते 1900 मध्ये तो बांधला, आणि पैसा कुठे ओतलाय ते फाटकापासूनच कळतं. लोखंड आणि तांब्याचं ते फाटक हेन्री ब्लूमफील्ड बेअरचं. आर्ट नूव्हो या त्या काळच्या कलाशैलीची लवलवती रेषा इतक्या जोमाने वळवलेली मी ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्या पबात पाहिलेली नाही. आत काउंटरच्या दर्शनी भागावर मोझेइक, भिंतींवर ठोकून उठावाचं काम केलेले तांब्याचे पत्रे, सगळीकडे महोगनी. एके काळच्या बिलियर्ड्सच्या खोलीत छताखाली प्लास्टरच्या स्त्रीमूर्ती आहेत, शिल्पकार चार्ल्स ॲलनने घडवलेल्या. रंगीत काचांमध्ये बेडन-पॉवेल आणि लॉर्ड रॉबर्ट्स हे ब्रिटिश सेनानी. पब उभा राहत होता तेव्हा दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलेलं होतं, त्याची ही खूण. पुरुषांच्या स्वच्छतागृहातले गुलाबी संगमरवराचे युरिनल बघायला बायकाही जातात, फक्त आधी विचारून जायचं. 2020 मध्ये या इमारतीला ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च संरक्षण मिळालं.

कारागिरी बघायची असेल तर हाच. पण इथे लहान-मोठ्या प्रशस्त खोल्या आहेत, ती खणांची दाटी नाही. समोरच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये मैफल ऐकून यावं अशी ही जागा. एखाद्या श्रीमंताच्या हवेलीत आल्यासारखं वाटतं. लंडनहून ट्रेनने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, तेव्हा लिव्हरपूलला मुक्काम असेल तरच जमतं.

मूळचे खण मूळ जागी बघायचे असतील तर बेलफास्ट गाठावं लागेल. यूकेचा व्हिसा तिथे चालतो. क्राउनमध्ये कोरीव लाकडाच्या दहा बंद खोल्या आहेत, ए ते जे अशी अक्षरं दिलेल्या, दारांशी सिंह आणि ग्रिफिन हे गरुडमुखी काल्पनिक प्राणी. आत आगकाडी ओढायची गनमेटलची (एक मिश्रधातू) पट्टी आहे आणि नोकराला बोलवायची घंटा. दार लावलं की तुम्ही आणि तुमचं टेबल. मालकी 1978 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची. उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षाच्या काळात समोरच्या युरोपा हॉटेलवर वारंवार बॉम्बहल्ले झाले, त्यांत या पबाच्याही काचा फुटल्या. मोकळी खोली हवी असेल तर आठवड्याच्या दिवशी दुपारी लवकर जा, संध्याकाळी ती मिळणं कठीण.

आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी खाली बघा. उंबऱ्याशी जमिनीत मोझेइकचा मुकुट आहे. मालक पॅट्रिक फ्लॅनगन आयरिश राष्ट्रवादी आणि बायको ब्रिटिश राजनिष्ठ, असं सांगतात. पबाचं नाव क्राउनच ठेवायचं असा तिचा हट्ट होता. त्याने तो मानला आणि मुकुट अशा जागी बसवला, की येणाऱ्या प्रत्येकाचा पाय त्याच्यावर पडावा.