पुरानंतरच्या नोंदींसाठी कोबोटूलबॉक्स: चिपळूणमधला वापराचा अनुभव

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं. ओसरल्यावर मदतीचे ट्रक येऊ लागले आणि नवाच घोळ सुरू झाला. हमरस्त्यालगतच्या घरांना दोनदोनदा चादरी मिळाल्या, आतल्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्यांपर्यंत कोणीच पोचलं नाही. हा घोळ निस्तरायला आमच्या गटाने कोबोटूलबॉक्स हे फोनवर प्रश्नावली भरून माहिती गोळा करायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि पुढे घरदुरुस्ती व नुकसानभरपाईच्या पाठपुराव्यासाठीही कित्येक महिने तेच वापरलं.

हे मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारं सॉफ्टवेअर आहे, हार्वर्ड विद्यापीठातल्या उपक्रमातून उभं राहिलेलं. फोनवरचं कोबोकलेक्ट अ‍ॅप ओडीके या दुसऱ्या मुक्त प्रकल्पावर बेतलेलं आहे. संगणकावर प्रश्नावली बनवायची, फोनवर उतरवून घ्यायची आणि रेंज नसली तरी भरत राहायचं. त्या दिवसांत वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नव्हता, त्यामुळे आमच्यासाठी हाच गुण सगळ्यांत मोठा ठरला. रेंज मिळाली की साठलेले फॉर्म एकदम पाठवायचे.

प्रश्नावली हवी तेव्हा बदलता येते, हे मला फार आवडलं. सुरुवातीला पाण्याची उंची फुटांत विचारत होतो. एकाच चाळीत चार आकडे यायचे. मग पर्याय दिले: उंबऱ्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, डोक्यावर, माळ्यापर्यंत. पेठमापातल्या एका आजींनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं, "बाप्पाच्या पायाला लागलं होतं बघ." तिथे टेप धरून फोटो घेतला, तो त्याच फॉर्ममध्ये जागेसकट नोंदला गेला.

सरकारने दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केल्यावर आम्ही नवे प्रश्न घातले. गाळा कोणाच्या नावावर? परवाना आहे, भिजला की वाहून गेला? पंचनामा झाला का? "भाड्याने" असं उत्तर आलं की भाडेकरूचे पुढचे प्रश्न आपोआप उघडायचे. त्यामुळे 'पंचनामा झाला, पैसे जमा नाहीत' अशांची यादी मिनिटभरात निघायची. कचेरीत "आमचं नाव राहिलंय हो" असं एकेकट्याने सांगणं आणि पत्ता, फोटो, तारखेसह छापील यादी टेबलावर ठेवणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. माझ्या मते या सॉफ्टवेअरचं खरं मोल इथे आहे. नोंद वस्तीच्या हातात राहते, कोणाकडे मागायला जावं लागत नाही.

त्रासही झाला. मराठी कीबोर्ड चालू असला की मोबाइल नंबर देवनागरी अंकांत टाइप व्हायचा आणि दहा अंकांची अट तो नाकारायची. त्या प्रश्नाला आकड्यांचा कीपॅड नेमून दिल्यावर ते थांबलं. गोळा झालेली माहिती सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये उतरवून एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा खिचडा दिसायचा, म्हणून थेट एक्सेलच्याच स्वरूपात उतरवून घ्या. पत्र्याखाली जीपीएस रेंगाळतं, अंगणात येऊन जागा नोंदवावी. मोफत खात्यात फोटोंना जागा बेताची मिळते, तेव्हा फोटोचा आकार प्रश्नावलीतच कमी करून ठेवा. एकच कुटुंब नवऱ्याच्या आणि सासूच्या नावाने दोनदा आलं तर सॉफ्टवेअर ओळखत नाही. आम्ही रेशनकार्डाचा नंबर घेऊन ते जुळवायचो, कार्ड वाहून गेलेल्यांचं मात्र शेजाऱ्यांना विचारूनच ठरायचं.

एका बाबतीत मी अगदी आग्रही आहे: आधार आणि बँक खात्याचा नंबर घेऊ नका. संकटातला माणूस विचाराल ते सगळं सांगतो, म्हणूनच विचारणाऱ्याने हात आखडता घ्यायला हवा. माहिती परक्या सर्व्हरवर नको असेल तर हेच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं; त्यासाठी जाणकार माणूस सोबत हवा.

पाण्याच्या उंचीचे बिंदू पुढे क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर टाकले. काही पाखाड्या (पायवाटा) नकाशात नव्हत्याच, त्या आम्ही भरल्या. आता त्या सगळ्यांनाच दिसतात. वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी शहरात साखळी उपोषण चाललं, तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं हे दाखवायला हा नकाशा हाताशी होता.

नदीकाठच्या गावांनी जून उजाडायच्या आत प्रश्नावली तयार करून दोनचार फोनवर उतरवून ठेवावी आणि एका वाडीत भरून पाहावी. वीसएक प्रश्न पुष्कळ झाले. आमची प्रश्नावली साध्या एक्सेल फाइलमध्ये आहे. वाड्यांची नावं बदलली की कुठेही चालेल. हवी असेल त्यांनी जरूर मागा.