मासे मरत असताना टीडीएस पेन दाखवणाऱ्यापासून सावध राहा

हा प्रकार बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने घडतो. सकाळी दोन फुटी टाकी घरी येते, दुपारपर्यंत खडी आणि फिल्टर लागतो, एका बाटलीतले 'बॅक्टेरिया' पाण्यात ओतले जातात आणि त्याच संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडून दुकानदार पूर्ण पैसे घेऊन जातो. आठवड्याभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, कल्ले लाल होतात, पर अंगाला चिकटतात. फोन केला की माणूस येतो, खिशातून टीडीएस पेन काढून पाण्यात बुडवतो. आकडा येतो 380. "तुमचं पाणीच खराब आहे, साहेब." मग आरओ पाण्याचे कॅन, निळं औषध, पिवळं औषध, दरमहा सर्व्हिसचं पॅकेज, आणि मेलेल्यांच्या जागी नवे मासे.

खरी लबाडी त्या पेनात आहे. टीडीएस पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, एवढंच. गोल्डफिशला 380 अजिबात जास्त नाही. मोली आणि गप्पींना तर जड पाणीच मानवतं. मासे मारतोय तो अमोनिया. लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया मासे मारायला पुरेसा असतो आणि तेवढ्याने पेनवरचा आकडा फार तर पाच-दहाने हलतो. म्हणजे 380 दाखवणारं पाणी उत्तम असू शकतं आणि 90 दाखवणारं जीवघेणं. अमोनिया कळतो तो थेंबांच्या टेस्ट किटने, नळीतल्या रंगावरून. स्वस्त पट्ट्यांवर पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचा आकडा), नायट्राइट, नायट्रेट असतं, पण अमोनियाचा चौकोन बहुधा नसतोच. घेताना बघा.

अमोनिया मासे स्वतःच, मुख्यतः कल्ल्यांतून, सोडत असतात. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर वसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. दुकानदाराला हे ठाऊक असतं, तरी तो त्याच दिवशी मासे विकतो, याचा आम्हाला खरोखर संताप येतो. पीएच जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात नुकसान आणखी लवकर होतं, कारण पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

त्यावर विकलेले उपाय आजार वाढवतात. मिथिलीन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, मुख्य टाकीत टाकलं की स्पंजवरचे जिवाणू मरतात. शिवाय डोस 'शंभर लिटर' धरून सांगितला जातो. 60 × 30 × 30 सेंमीची टाकी काठोकाठ भरली तरी 54 लिटरची. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरतं जेमतेम 45 लिटर. म्हणजे डोस दुपटीहून जास्त. नुसतं आरओचं पाणी भरलं तर पीएच सावरून धरणारे क्षारच उरत नाहीत. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं, पीएच घसरतो आणि 6 च्या खाली जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. सर्व्हिसवाला सगळं पाणी काढतो आणि स्पंज थेट नळाखाली धुतो. क्लोरीनने उरलीसुरली वस्तीही जाते. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर, आणि त्याची पुढची फेरी पक्की.

मासे आत्ता तडफडत असतील तर औषध थांबवा. दोन-तीन दिवस दाणे बंद ठेवा, एअर पंप पूर्ण चालू ठेवा आणि रोज 30 ते 40 टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि अँटी-क्लोरीन घातलेलं हवं. सोसायटीची टाकी नुकतीच ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर त्या दिवशी ते पाणी वापरू नका. नायट्राइट दिसत असेल तर लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला; क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत कमी शिरतं. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. आरओमुळे पीएच 6 च्या खाली गेला असेल तर एकदम जास्त पाणी बदलू नका, 10 टक्क्यांनीच घ्या. पीएच झटक्यात चढला तर साठलेला अमोनिया विषारी होतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो व्हाइट स्पॉट, त्याचा उपचार वेगळा.

नवी टाकी घेताना पैसे दोन टप्प्यांत ठरवा: टाकी-फिल्टरचे आज, माशांचे टाकी तयार झाल्यावर. पाणी भरलेल्या पण मासे नसलेल्या टाकीत 45 लिटरला 0.3 ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घातलं की लिटरला साधारण 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर म्हणजे हेच रसायन, पण तो नको, त्यात भेसळ असू शकते. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार. बाटलीतले जिवाणू खरे की खोटे हेही याच चाचणीत कळतं. वर्षानुवर्षं टिकणारी पावडर असेल तर ते बहुधा बॅसिलस असतात. गाळ कुजवतात, अमोनियाचं नायट्राइट करत नाहीत.

बिलावर टाकीची मापं, लिटर आणि माशांची नावं लिहून घ्या. औषधाच्या बाटलीवर घटक आणि मुदत नसेल तर फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार करायची झाली तर हेच कागद लागतात.