प्रोटोसेल किट: पिशव्या मस्त बनतात, डब्यावरचं वाचू नका

पाचपैकी साडेतीन. मार्क कापलेत ते जाहिरातीचे आणि माहितीपुस्तिकेचे, आतल्या मालाबद्दल फारशी तक्रार नाही. डब्यावर ठळक छापलंय 'टेस्ट ट्यूबमध्ये जीव घडवा', अहो ते अजून कुणालाच जमलेलं नाहीये! अमेरिकन शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटरच्या टीमने २०१० ला बॅक्टेरियाचा अख्खा जीनोम (सगळ्या जीन्सचा संच) केमिकली बनवला तरी तो घालायला बॅक्टेरियाची जिवंत पेशीच लागली, मग २०१६ ला काटछाट करत ४७३ जीन्सवर आणलं तेव्हाही तेच. प्रोटोसेल म्हणजे पेशीचं अगदी साधं, आदिम रूप, आणि या किटमधून होते ती त्याची नुसती पिशवी, म्हणजे बाहेरचं आवरण. पण ती बघण्यासारखी आहे.

आत ओलेइक ॲसिड (तेलातलं एक फॅटी ॲसिड), बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), रंग, मातीची पुडी आणि स्लाइड्स. बफरचा पीएच साडेआठच्या आसपास असला की ॲसिडचे रेणू आपले आपणच दोन थरांत लागतात आणि गोल पिशव्या होतात, आपण फक्त हलवायचं आणि थांबायचं, द्रावण दुधी झालं की समजा जमलं. मायक्रोस्कोपखाली पातळ कडेचे गोल दिसतात, एखाद्याच्या पोटात अजून एक. आता त्यातच किंचित ॲसिड सोडा, पीएच उतरला की पिशव्या मोडतात आणि जाड चमकत्या कडेचे तेलाचे थेंब उरतात, आणि उलट पीएच दहाच्या वर नेला तर दुधी रंग जाऊन सगळं स्वच्छ, कारण आता नुसते मायसेल, म्हणजे रेणूंचे बारीक, आत पोकळी नसलेले पुंजके. या खेळात माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि पैसे इथेच वसूल झाले.

पुस्तिका मात्र अगदीच वरवरची. 'पाण्यात मिसळा' एवढंच लिहिलंय, कुठल्या पाण्यात ते नाही. डिस्टिल्डच घ्या, जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने ओलेइक ॲसिडचा साका होतो, साबणाला फेस येत नाही तोच प्रकार. आणि गंमत म्हणजे पहिली पेशी कशी झाली या विषयातली खरी अडचण हीच आहे, कारण एन्झाइमशिवाय आरएनएची (डीएनएसारखा माहिती साठवणारा रेणू) कॉपी व्हायला मॅग्नेशियम लागतं आणि तेच मॅग्नेशियम पिशवी फोडतं. अदामला आणि शोस्टाक या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सायट्रेट घालून दोन्ही एकत्र नांदवून दाखवलं. सायट्रेटची एक पुडी टाकली असती तर काय बिघडलं असतं? तो प्रयोग घरी निम्मा तरी करता आला असता.

माती मॉन्टमोरिलोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) आहे, हे बरं केलंय. ती घातल्यावर पिशव्या पटापट बनतात, हे शोस्टाकच्या लॅबने २००३ मध्येच दाखवलं होतं, मातीच्या कणाला चिकटलेला आरएनए पिशवीच्या आत जाऊ शकतो हेसुद्धा. पुस्तिकेत यावर एक ओळ! पानंच्या पानं मिलरच्या १९५३ च्या ठिणग्यांवर (वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून अमिनो ॲसिड मिळवली तो प्रयोग), ती तर सगळ्यांनी शाळेतच वाचलेली असतात. त्यापेक्षा १९६९ ला ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केचं लिहायचं ना, तिच्यातल्या पदार्थांपासून डीमर या शास्त्रज्ञाने अशाच पिशव्या मिळवल्या होत्या, म्हणजे हा माल आकाशातूनही येऊ शकतो.

दिलेला रंग फ्लुरोसंट आहे, साध्या मायक्रोस्कोपवर उपयोग शून्य. फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक वस्तू उठून दाखवणारी मायक्रोस्कोपची सोय) असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर कंडेन्सरखालचा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) बराच बंद करा, भरपूर उजेडात या पिशव्या दिसतच नाहीत आणि मग लोक इथे येऊन 'किट बोगस आहे' म्हणून एक स्टार देऊन जातात.