नोकरीच्या ॲपचा पेड प्लॅन, सहा महिन्यांनंतर

काल यूपीआयमधून परत ५९९ कापले गेले म्हणून लिहायला बसले, नाहीतर राहूनच गेलं असतं. तीन महिन्यांचा प्लॅन, आपोआप रिन्यू होतो. म्हणजे माझे १७९७ गेले.

मी अकाउंट्सवाली, टॅली आणि जीएसटी रिटर्न, सात वर्षं झाली. पहिले दोन महिने रोज रात्री अप्लाय, अप्लाय. 'तुमचा रेझ्युमे पाहिला गेला' एवढंच यायचं, आणि फोन आला की विमा विकणाऱ्यांचा.

आता खरी तक्रार. शहरांच्या लिस्टमध्ये 'बरोडा' वेगळं आणि 'वडोदरा' वेगळं!! नाव बदललं १९७४ ला, स्टेशनचा कोड अजून बीआरसी, आपण घरात बडोदाच म्हणतो, पण पैसे घेणाऱ्या ॲपला तरी कळायला नको का की गाव एकच आहे? मी सवयीने बरोडा टाकलं. तर नोकऱ्या कुठल्या, हरियाणाच्या. तिकडे सोनीपत जिल्ह्यात पण एक बरोडा आहे, हे ज्ञान मला ५९९ मध्ये मिळालं. कस्टमर केअरला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर.

वैतागून मे महिन्यात, दांडिया बाजारातून तीस झेरॉक्स काढून (साठ रुपये) मकरपुरा जीआयडीसी (आपल्या एमआयडीसीसारखी गुजरातची औद्योगिक वसाहत) गाठली. गेटवर 'जोईए छे' (पाहिजेत) चे बोर्ड भरपूर, पण सगळे फिटर, हेल्पर, सीएनसी ऑपरेटरचे, अकाउंट्सचा बोर्ड कोणी गेटवर लावत नाही. वॉचमन म्हणणार, "बेन, मूकी जाओ", म्हणजे ताई, ठेवून जा. बावीस गेटं झाली, आत सोडलं दोघांनी. पण त्यातल्या एका ठिकाणी अकाउंट्सचे साहेब स्वतः बाहेर आले, उभ्याउभ्याच विचारलं की परचेस रजिस्टर आणि टू-बी (जीएसटी पोर्टलवर दिसणारी सप्लायरच्या बिलांची यादी) जुळलं नाही तर आधी काय बघाल, दहा मिनिटं बोलले, पाणी दिलं. जागा दिवाळीनंतर, पण ॲपवर असं एकाने विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात मी भेटेल त्याला सांगत होते, ॲप काढा, चालत जा.

मग पुढच्या सोमवारी परत गेले, तर एका गेटवर वॉचमनभाई कुणाच्या तरी बायोडेटावर शेव-ममरा घेऊन बसलेले. फोटोवर तेल. वाकून बघितलं, माझा नव्हता.

घरी येऊन भाच्याने प्रोफाइलमध्ये शहर बदलून 'वडोदरा' केलं, एवढंच. चार दिवसांत तीन फोन! त्यातला एक तर जिथे "मूकी जाओ" ऐकलं त्याच कंपनीचा, आणि इंटरव्ह्यूला येताना रेझ्युमेच्या दोन झेरॉक्स आणा म्हणे. होत्याच उरलेल्या. एक तारखेपासून तिथेच जातेय.

तरी दोन स्टार. आणि ॲप डिलीट केल्याने पैसे कापणं थांबत नाही, यूपीआयमध्ये ऑटोपेत जाऊन मँडेट रद्द करावं लागतं, मी आज केलं. रिफंडसाठी मेल टाकला होता, लगेच उत्तर आलं, विचार करू म्हणून. खाली जोडलंय, 'तुमच्या जवळच्या नवीन संधी', सोनीपत.