तोरणमाळच्या थंडीत व्हेंटवाला गॅस हीटर, वापरून सांगतोय
डिसेंबरात तोरणमाळला व्हॅनमध्ये दोन रात्री काढल्या, लाइट नाही काही नाही, तिथे हा हीटर लई कामाला आला. जळायला लागणारी हवा बाहेरूनच घेतो अन् धूर पाइपने बाहेर सोडतो, म्हणून आतला ऑक्सिजन खात नाही, काचांवर पाणी पण साचलं नाही. आधीचा बिनपाइपचा होता, सकाळी डोकं जड व्हायचं, काढूनच टाकला, पोरं झोपतात ना भाऊ आत! मी मुद्दाम बिनफॅनचा घेतला, रात्रभर बॅटरी खात नाही, ऊब मात्र हळू पसरते. प्रोपेनचा घेताना एलपीजीला चालतो का विचारा. आपल्या सिलेंडरात ब्युटेनही असतं, ते शून्याच्या खाली नीट गॅस होत नाही, खान्देशात अडचण नाही पण लडाखला येईल. सीओ अलार्म (कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साचला तर वाजणारा) मी तरीही लावलाय.