खाडीतले पक्षी: भरतीला जावं की ओहोटीला?

पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि तुतारी, चिखले हे चिखलात टिपणारे पक्षी पार पाण्याच्या कडेला जातात. दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. उन्हं चढली की हवा थरथरते आणि तेही पुसट होतात. भरतीचं पाणी मात्र त्यांना रेटत किनाऱ्याकडे आणतं. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागा धरून, सूर्य पाठीशी ठेवून बसावं. पक्षी आपणहून जवळ येतात. भरतीला एका पायावर विसावलेला थवा उठवू नये, त्यांची ताकद वाया जाते.

ओहोटी खेकडे, खडकांतली डबकी आणि कांदळवनाची श्वासमुळं पाहायला उत्तम. होडी मात्र तेव्हा वाळूत रुतते. चालत गेलात तर पाणी वळायच्या आधी परत फिरा: सहा तासांच्या भरतीतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं, आणि मागची पन्हळ, म्हणजे चिखलातला खोलगट ओहळ, आधी भरते.

भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कालची चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल सगळा बुडतो; अष्टमीच्या आसपास, भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, थोडा उघडाच राहतो आणि पक्षी लांबच रेंगाळतात. एकच फेरी जमणार असेल तर उधाणाची, सकाळची चढती भरती निवडा.