सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेस आणि कॉट: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

अलका टॉकीजच्या चौकातून टिळक रोडला किंवा शास्त्री रोडला लागलं की सदाशिव आणि नवी पेठेच्या गल्ल्यांत तीन पाट्या पुन्हापुन्हा दिसतात: कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतल्या एका पलंगापुरती) जागा मिळेल, घरगुती मेस, अभ्यासिका २४ तास. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींचा महिन्याचा बहुतेक खर्च या तीन पाट्यांखाली होतो. हे परीक्षण कुठल्या एका मालकाच्या जागेचं नाही, पेठांतल्या या तिन्ही सेवांचं आहे. त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत, त्यामुळे सुट्या सुट्या निवडल्या की फसगत होते.

सगळ्यात मोठी चूक होते ती क्रमाची. गावाहून आलेलं कुटुंब आधी कॉट शोधतं, डिपॉझिट भरून मोकळं होतं, मग खालची मेस लावतं आणि अभ्यासिका ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतं. आमच्या मते क्रम बरोबर उलटा हवा. आधी बसायची जागा, मग जेवायची, शेवटी झोपायची. कॉटवर सहा-सात तास जातात आणि तेही डोळे मिटून. टेबलाशी आठ-दहा तास जातात. अभ्यासिका लांब असली की दुपारी जेवून पुन्हा तिकडे जायचा कंटाळा येतो, घटकाभर पडू म्हणून अंग टाकलं की संध्याकाळ होते. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून पायी दहा मिनिटांत असावीत, हा पहिला निकष.

अभ्यासिका

आधी विचारायचं ते हे, की ती विकत घ्यायची गरज आहे का? कॉलेजच्या ग्रंथालयात वाचनकक्ष असेल तर त्याचे पैसे फीमध्ये भरून झालेले असतात. विद्यापीठाच्या विभागांत शिकणाऱ्यांना जयकर ग्रंथालय आहे. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला वाचनकक्षाची वेळ पुरत असेल, तर बाहेरची अभ्यासिका फक्त परीक्षेच्या महिना-दीड महिना आधी लावावी. वर्षभर टेबल अडवून ठेवायचं आणि आठवड्यातून तीनदा जायचं, हा या तिघांतला सर्वांत वाया जाणारा खर्च आहे.

लागणारच असेल तर पैसे भरण्याआधी एक दिवस बसू द्या म्हणून स्पष्ट मागावं, आणि तो दिवस दुपारी दोन ते पाच असा घ्यावा. सकाळी दहाला सगळ्याच अभ्यासिका छान वाटतात. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून केलेली जागा एप्रिल-मे महिन्यांत दुपारी भट्टी होते, हे जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्याला कळत नाही. बंद एसी हॉलची अडचण वेगळी. पन्नास माणसं, खिडक्या बंद आणि बाहेरची हवा आत यायला वाट नाही, अशा खोलीत श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, डोकं जड होतं आणि पेंग येते. मुलं त्याचा दोष मेसच्या भाताला देतात. एक्झॉस्ट फॅन आहे का, तो चालू असतो का, दिवसातून एकदा तरी खिडक्या उघडतात का, हे बघावं.

मग टेबल. मेजर टेप नसली तरी चालेल, ए-फोर आकाराची रजिस्टर सोबत न्यावी. उघडी रजिस्टर सव्वा-दीड फूट जागा घेते. तिच्या शेजारी उघडं पुस्तक दोन फुटी टेबलावर मावतच नाही, अडीच फुटांत जेमतेम बसतं, तीन फुटांत आरामात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर तर हा मुद्दा आणखी मोठा झाला आहे. नुसतं वाचायला दोन फूट पुरायचे, रोज उत्तरं लिहून काढायची तर कोपराला जागा लागते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडून किंवा समोरून येईल असं टेबल मागावं. ट्यूब पाठीमागे असली तर आपल्याच डोक्याची सावली वहीवर पडते आणि महिनाभरात डोळे दुखायला लागतात. दाराजवळचं, पाण्याच्या पिंपाजवळचं आणि संडासाच्या भिंतीला लागून असलेलं टेबल घेऊ नये, स्वस्त मिळालं तरी.

‘फिक्स सीट’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक मालकाकडे वेगळा असतो. टेबल दिवसभर आपलंच आहे, की सकाळ-संध्याकाळ दोघांना विकलं आहे? पुस्तकं टेबलावर ठेवून जाता येतात का, की लॉकरचे वेगळे पैसे? लॅपटॉपवर टाइप करणाऱ्यांची सोय वेगळी आहे का? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फिक्स नसलेली सीट स्वस्त पडते, पण मग सकाळी सातच्या आत पोचावं लागतं. उठण्याची सवय नसेल तर ती स्वस्ताई फसवी आहे. मुलींनी आणखी एक गोष्ट बघावी: स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, आणि अभ्यासिका बंद होण्याची वेळ राहत्या जागेचं दार बंद होण्याच्या वेळेशी जुळते का. ‘२४ तास’च्या पाटीचा उपयोग ज्या मुलीच्या खोलीचं फाटक दहाला लागतं तिला नाही.

आता जे कुणीच बघत नाही, ते. पेठांतल्या जुन्या इमारतींत जिना एकच आणि अरुंद असतो, त्याच्याच तोंडाशी विजेचे मीटर आणि त्यांच्यापुढे लावलेल्या दुचाकी. शॉर्टसर्किट झालं तर आग नेमकी बाहेर पडायच्या वाटेवर लागते. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी घुसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तिघांचा जीव गेला. तळघरातली अभ्यासिका थंड असते, शांत असते, स्वस्तही असते. तरी आम्ही ती घेऊ नका असंच सांगू. वरच्या मजल्यावरची घेताना दुसरी वाट आहे का, खिडकीला न उघडणारी जाळी आहे का, अग्निशामक नळकांड्यावरची मुदत संपली आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

पैसे पहिल्यांदा एकाच महिन्याचे भरावेत. तीन महिन्यांचे एकदम भरले तर सवलत मिळते, पण ती दुसऱ्या महिन्यापासून घेतली तरी चालते.

मेस

मेसचा दर ऐकून तुलना करू नये, ताटाचा हिशेब काढावा. समजा महिन्याचे ३००० रुपये आणि दोन वेळचं जेवण. मनात आपण ६० ताटं धरतो आणि ५० रुपये ताट म्हणतो. पण पेठांतल्या बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. म्हणजे चार-पाच ताटं तिथेच गेली. महिन्यातून एकदा तीन दिवस गावी गेलात की आणखी सहा. उरली पन्नासच्या आसपास, म्हणजे ताट ६० रुपयांना पडलं. यातली किती परत मिळतात ते खाड्याच्या, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या, नियमावर ठरतं. काही ठिकाणी खाडा आदल्या दिवशी सांगावा लागतो, काही ठिकाणी सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरतच नाहीत, काही ठिकाणी पैसे न कापता पुढे दिवस वाढवून देतात. ज्याला दर पंधरा दिवसांनी घरी जायचं असतं त्याने महिन्याची मेस लावूच नये, कूपन घ्यावं. कूपनवर मुदत छापलेली असते, ती वाचावी. ३० कूपनं ४५ दिवसांत संपवायची अट असेल तर ठीक, ३० दिवसांतच असेल तर ती नावालाच कूपनं.

चाखायला जायचं ते शेवटच्या अर्ध्या तासात. साडेबाराला पोळी गरम, वरण दाट, भाजी भरपूर. पावणेतीनला वरणात पाणी पडलेलं असतं आणि भाजीत रस तेवढा उरतो. तुम्ही कॉलेज सुटल्यावर ज्या वेळी जाणार, त्याच वेळी जाऊन एक ताट पैसे देऊन जेवावं. आठवडाभर कुठल्या भाज्या होतात ते आधीपासून जेवणाऱ्या मुलांना विचारावं. प्रत्येक भाजीत बटाटा येत असेल तर भाजीचा खर्च बटाट्याने भरून काढला आहे असं समजावं. उसळीत मटकीचे दाणे अख्खे दिसायला हवेत, गाळ झाला असेल तर बहुधा शिजवताना सोडा जास्त पडला आहे. ‘अनलिमिटेड’ म्हणजे पोळ्या अनलिमिटेड, भाजी एकदाच, हेही विचारून घ्यावं. मेसमध्ये अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा. घरगुती मेसलाही नोंदणी लागते.

डब्याबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. पोळ्या गरम असतानाच डब्यात बंद झाल्या की वाफेने लगदा होतात, आणि साडेअकराला भरलेला डबा तुम्ही दोनला उघडता. वेळच जुळत नसेल तर घ्यावा, पण वरण आणि भाजीचे कप्पे घट्ट झाकणाचे आहेत की नाहीत ते बघून. आणि कुठलीही मेस लावली तरी वाटीभर वरणावर वीस वर्षांच्या शरीराची प्रथिनांची गरज भागत नाही. रोज दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे स्वतःच्या खिशातून धरूनच महिन्याचं बजेट करावं.

कॉट

खोलीत शिरल्यावर आधी गादी उचलावी. मोबाइलचा टॉर्च गादीच्या शिवणीवर, लाकडी कॉटच्या सांध्यांत आणि लोखंडी कॉट असेल तर पाइपांच्या उघड्या टोकांत मारावा. मिरीच्या कुटीसारखे काळे ठिपके दिसले की ढेकूण आहेत. मालक ‘फवारणी करून देतो’ म्हणेल. एका फवारणीने काम होत नाही, कारण अंडी वाचतात. दहा-पंधरा दिवसांनी दुसरी हवीच, आणि ती फक्त तुमच्या कॉटची नको, सगळ्या खोलीची हवी.

पाण्याचं विचारताना ‘पाणी आहे का’ असं विचारू नये, वरची टाकी किती लिटरची आणि तिच्यावर किती जण, असं विचारावं. दुरुस्तीच्या कामांसाठी पुण्यात महापालिका बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा, कमी दाबाने येतं. टाकी लहान असेल तर त्या दिवशी दहा जणांत भांडणं ठरलेली. विजेचं बिल भाड्यात आहे की सब-मीटरवर, आणि सब-मीटर असेल तर युनिटला किती रुपये, हे ठरवून पहिल्याच दिवशी आकड्यांचा फोटो काढून ठेवावा.

भाडेकराराला मालक टाळाटाळ करतात. कॉट बेसिसला करार नसतो, असं सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. हा कागद पुढे बऱ्याच ठिकाणी लागतो. उदाहरणार्थ, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. अर्जासोबत राहत्या जागेचा पुरावा मागतात. करार नसलेली कॉट महिन्याला पाचशे रुपयांनी स्वस्त पडली आणि हा लाभ हुकला, तर तो सौदा फार महागात गेला. एखाद्या मालकाने कागद द्यायला साफ नकार दिला तर जागा कितीही चांगली असो, सोडावी.

डिपॉझिट ऑनलाइन पाठवावं आणि संदेशात ‘डिपॉझिट, परत मिळणारं’ असं लिहावं. रोख दिलं तर सहीची पावती घ्यावी. खोलीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून मालकालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. खिडकीची फुटलेली काच आधीपासूनची होती हे वर्षाने सिद्ध करायला तोच उपयोगी पडतो.

सोबतीचं थोडं सांगायला हवं. खोलीतले मित्र निवडता येत नाहीत, अभ्यासाचे येतात. तीन-चार जणांचा गट पुरे. पाचवा-सहावा आला की चहाची फेरी पंधरा मिनिटांवरून पाऊण तासावर जाते, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी यायचं बाकी असतं. फेऱ्यांच्या वेळा ठरवून घेतल्या, सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, की मैत्रीही टिकते आणि टेबलही. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जायचं ते आपला पॅटर्न, म्हणजे आपल्याला लागू असलेला अभ्यासक्रम कुठल्या वर्षाचा ते, वहीवर लिहून. इंजिनिअरिंगला २०१९ पॅटर्नचं जुनं पुस्तक स्वस्त मिळालं, पण तुम्ही २०२४ पॅटर्नचे असाल तर धडे जुळत नाहीत. आधी अभ्यासक्रम पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी ताडून बघावा.

गणपतीचे दहा दिवस पेठेत अभ्यास होत नाही, हे धरूनच चालावं. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर या चारही रस्त्यांनी जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्यानंतर लगेच परीक्षा असेल तर ते दोन दिवस कोथरूड किंवा कर्वेनगरला मित्राकडे आधीच सांगून ठेवावेत. दिवाळीत मेस बंद होतात. मेसवाल्यांना बंदची तारीख नवरात्रातच विचारावी, आणि ते बंद दिवस खाड्यात धरणार का, हेही त्याच वेळी.

सोडताना एक महिना आधी कळवावं, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला मालक तयार असेल तर तसंच करावं, गावी गेल्यावर फोनवरून पैसे मागणं फार अवघड जातं. लॉकरची किल्ली परत देताना तिचं डिपॉझिट मागायला विसरू नये, आणि उरलेली मेसची कूपनं नव्याने आलेल्या कुणाला तरी देऊन टाकावीत.